मांडूची खालची खोली

नानाखेडा, उज्जैन
आषाढ शुद्ध द्वितीया

ती. दत्तूदादा आणि सौ. उषावहिनी यांना उज्जैनहून शैलेंद्रचा, एक पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे जमेल तितका वाकून, नमस्कार.

दादा, तुझी शुगर कशी आहे? वहिनींच्या डोळ्यातले थेंब बंद झाले का? ग्वाल्हेरला पाऊस आला की अजून नुसते ढगच? फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोललं की मीरा स्वयंपाकघरातून माझी वाक्यं पुरी करते, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर लिहावं तर तिथे सगळेच पाहुणे बसलेले आहेत. म्हणून हे पत्र.

तुला माहीतच आहे, रिटायर झाल्यावर मी ठरवलं होतं की दर ऋतूत एकदा शनिवार-रविवार जोडून आपल्याच प्रदेशात कुठेतरी जाऊन यायचं. पावसाळ्यात मांडू, थंडीत महेश्वर, उन्हाळ्यात पचमढी. पण उज्जैनमध्ये राहणाऱ्या माणसाने शनिवार-रविवारी बाहेर जायचं म्हणजे स्वतःच्या घरच्या लग्नातून पंगतीआधी उठून जायचं. सगळा देश महाकालाला इकडे येतो आणि आपण पिशवी घेऊन तिकडे. त्यातून आपलं घर बसस्टँडच्या इतकं जवळ की पाहुणा रिक्शासुद्धा करत नाही (उतरतो, एक चहा टपरीवर घेतो आणि दुसरा आपल्याकडे).

गेल्या पावसाळ्यात मांडूचं नक्की केलं. इथला श्रावण राखीला संपतो, म्हणून मी हुशारीने राखीनंतरचा शनिवार धरला. टॅक्सी सांगितली, डाळबाफले खायची जागा ठरवली, राणीचा मंडप बघायचा तर किती वाजता निघावं ते ठरवलं (थोडी चढण आहे, मीराला म्हटलं, तू खाली बाकावर बस, मी वर जाऊन फोटो काढून आणतो). आणि शुक्रवारी नागपूरहून आपला आत्येभाऊ प्रसाद सहकुटुंब हजर! मी विसरलोच होतो की इथला श्रावण संपला तरी आपला मराठी श्रावण पंधरा दिवस मागून चालत येतो. उज्जैनच्या मराठी माणसाला श्रावण दीड महिन्याचा असतो, आणि पाहुणे दोन्ही पंचांगांतून येतात. प्रसाद म्हणाला, "फक्त दर्शन घेऊन निघतो." मंगळवारी निघाला. सोमवारची महाकालाची सवारी बघायला त्याच्या मुलीला खांद्यावर घेऊन मी उभा होतो, आणि मांडूचे ढग मांडूलाच राहिले.

थंडीत महेश्वर. किल्ल्यावरून नर्मदेच्या घाटावर उतरून होडीत बसायचं, अशी माझी फार दिवसांची इच्छा (उतरायला पायऱ्या आहेत, पण मीरा वरच्या कट्ट्यावर उन्हात आरामात बसली असती). तिची भाची ऋचा सासूसासऱ्यांना घेऊन ठाण्याहून आली. उन्हाळ्यात पचमढी, पिपरिया स्टेशनपर्यंतची रेल्वेची तिकिटंसुद्धा काढली होती. तिथले धबधबे खाली दरीत आहेत, म्हणून मीराला सावलीत वाचायला एक मासिकही घेतलं. तर मीराचा भाऊ दिलीप अकोल्याहून मुलांना घेऊन आला. मी तरी म्हटलं, यांना आधी कळवायची पद्धत नाही का? मीरा म्हणाली, "असू द्या हो, देवाच्या गावी राहतो आपण. पाहुण्यांना ना कसं म्हणायचं?" आणि कणिक मळायला बसली. खरं सांगतो दादा, तिच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता. मला तिचं कौतुकही वाटलं आणि राग पण आला. जाण्याची हौस मलाच, हिला काहीच नाही असं वाटायला लागलं.

पायाचं म्हणशील तर तो दिलीपच्याच भेटीचा प्रसाद. रामघाटावर सगळी मंडळी पाण्यात उतरली आणि सगळ्यांच्या चपला, चष्मे आणि मोबाइल माझ्याकडे. शेवाळलेल्या पायरीवर पाय सरकला. मोबाइल मी वर धरून वाचवले (एकाही काचेला चीर नाही, याबद्दल दिलीपने मला शाबासकी दिली), पण घोटा गेला. प्लास्टर सात-आठ दिवसांत निघेल, पण पावसाळाभर पायरी चढायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे.

तरी मांडू सोडवेना. श्रावण लागायच्या आधीचा शनिवार धरून एका लॉजला फोन केला. मंडप नाही, किल्ला नाही, चढण नाही. गाडी दारापर्यंत येणार, खोली तळमजल्यावर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यासमोर तलाव. तिथला माणूस म्हणाला, "बाऊजी, सीढ़ी एक भी नहीं है. कुर्सी डालकर बैठो, बादल खुद आ जाएँगे." आता ही काय सहल झाली? इतक्या लांब जाऊन खुर्चीत बसायचं! पण गंमत बघ. मीराला सांगितलं, तर तिने दोनदा विचारलं, "पायऱ्या नाहीतच ना? बाथरूमला पण उंबरठा नाही ना? पक्कं विचारलं?" आणि दुसऱ्या दिवशी तिची बॅग भरलेली. टॉवर चौकातून नवीन छत्री आणली, गुडघ्यांचे पट्टे धुऊन वाळत घातले. एवढी वर्षं झाली, जायच्या आधी ती अशी गुणगुणताना मी ऐकली नव्हती. कसली हौस आली कोण जाणे.

बाकी इकडे सर्व ठीक. कळवण्यासारखं विशेष काही नाही.

तुझा,
शैलेंद्र

ता. क. : सांगलीच्या मावशीचा सुमीत त्याच शनिवारी सासरच्या मंडळींना घेऊन येतोय. का, तर म्हणे श्रावणातली गर्दी टाळायला.

ता. क. २ : म्हणून विचारतो, तू आणि वहिनी शुक्रवारी इकडे याल का? पाहुणे म्हणून नव्हे, घरवाले म्हणून. सुमीतला सोमवारपर्यंत सांभाळा. मी मीराला अजून सुमीतचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती बॅग उपसून कणिक मळायला बसेल, आणि या खेपेला ते मला बघवणार नाही. आम्ही शनिवारी पहाटेच निघू, जादा किल्ली शेजारी असेल. सकाळी पोहे-जलेबी नाक्यावरून आणावी, सुमीतला घरचे पोहे कोरडे लागतात. पाकीट चिकटवून मीराच्याच हाती पोस्टात टाकायला देतो.

भाऊजींना मीराचा नमस्कार. पाकीट चिकटवायला डिंक यांनी माझ्याकडेच मागितला, म्हणून वाचलं. वहिनींनाही वाचून दाखवा. सुमीतचं मला ठाऊक आहे, त्याच्या बायकोचा आधी मलाच फोन आला होता. तो आपणहून येतोय. बाकीचे मी बोलावले होते. प्रसादभाऊजींना आपला श्रावण अजून चालू आहे हे मीच फोन करून सांगितलं, ऋचाला आणि दिलीपला पण मीच. यांना सांगू नका. घरी वीस पोळ्या लाटलेल्या परवडल्या, पण वर गेलेल्या माणसाची पाण्याची बाटली घेऊन बाकावर एकटीने बसणं नको वाटायचं. गुडघ्यांचं रडगाणं किती वेळा गायचं? यांना वाटायचं, बसायला जागा दिली म्हणजे झालं.

शुक्रवारी नक्की या. कणिक मळून फ्रिजमध्ये ठेवते. यंदा आम्ही दोघंही खालीच बसणार आहोत.