अनालिनच्या जागेची जाहिरात

पर्लाताई,

हे पत्र मी टाकणार नाही. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत गावात चकार शब्द काढायचा नाही, असं माझ्या अनालिनने बजावलंय, आणि तुझ्या पोटात काही राहत नाही.

मागच्या महिन्यात तिचा डबा द्यायला ऑफिसात गेले, तर भिंतीवर नोटीस: इंजिनिअर पाहिजे. हुद्दा तिचाच, पगारही तिचाच! माझं डोकंच फिरलं. मोडक्या इंग्रजीत साहेबावर ओरडले, "एवढी वर्षं पोरीकडून पूल बांधून घेतलेत, आता हाकलता?"

अनालिन धावत आली. "आई, गप बस! मला कायमचं ठेवायचंय म्हणूनच लावलीय ती. आधी इथला कोणी मिळतो का बघायचं, असा अमेरिकेचा कायदाच आहे."

"असला कसला कायदा? बायको घरात नांदतेय आणि नवऱ्याला मुली दाखवताय?"

तिने ते साहेबाला सांगितलं. तो हसून हसून लाल झाला.

मग मी रोज चर्चमध्ये गुडघे टेकले. देवा, माझ्या पोरीच्या तोडीचं कुणी या अमेरिकेत निघू देऊ नकोस.

काल मुदत संपली. लायक असं कुणीच आलं नाही. सोमवारी वकील अर्ज पाठवतोय. नंबर यायला वर्षं लागतील म्हणे. लागू देत. रांगेत उभी तर राहिली पोरगी.

तुझी धाकटी,
नेनिता