न घेतलेला नमुना

आप्पा, कळवणच्या एका म्हाताऱ्याला मी तुमच्याबद्दल खोटं सांगितलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

अंबडला तुम्ही ज्या कारखान्यात ओतकामाला होता, त्याच्या मागच्या रस्त्यावर आमची प्रयोगशाळा आहे. तिथे मी माणसाच्या श्वासमार्गातल्या पेशी वाढवते. दवाखान्यात जाऊन पेशंटच्या नाकात बारीक ब्रश फिरवायचा, त्याला लागलेल्या पेशी इवल्याशा कपातल्या पातळ पडद्यावर सोडायच्या. आधी खालून-वरून पोषक पाणी द्यायचं. पडदा भरला की वरचं पाणी काढून घ्यायचं, म्हणजे त्यांना हवा लागते. मग काही आठवड्यांनी पेशींना बारीक केस फुटतात आणि हलू लागतात, वाऱ्यावर कोथिंबिरीचा वाफा हलावा तसे. दम्याची नवी औषधं त्यांच्यावर तपासतात. तुम्ही कामावरून आलात की मोरीत नाक शिंकरायचात, काळंकुट्ट निघायचं, आणि आईला म्हणायचात, "बघ, मालकाचं निम्मं लोखंड घरी आणलं." आम्ही खो खो हसायचो. कसं हसू यायचं, आता कळत नाही.

त्या म्हाताऱ्याला मी संमतीचा कागद वाचून दाखवला. त्याने तो ऐकून घेतला आणि विचारलं, "तुझ्या बापाचं घेतलं व्हतं का?"

"घेतलं होतं," मी म्हटलं. जीभ कशी रेटली, देव जाणे.

"मंग घे बाई. पोरगी बापाला उगी तरास द्यायची नाय." आणि त्याने अंगठा उठवला.

खरं काय झालं ते तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही शेवटचे दवाखान्यात होता तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हेच विचारलं होतं, संशोधनासाठी नमुना घ्यायचा का, वडिलांना विचारा. मी परस्पर नाही म्हणून टाकलं. आत आले तर तुम्ही मास्क बाजूला सारून विचारताय, "काय म्हनस डॉक्टर?" "काही नाही, गोळ्या बदलल्यात." सातवीत प्रगतिपुस्तकावर तुमची सही मी ठोकली होती, तेव्हा कान पिळून म्हणाला होतात, "माझी सही मी करीन, तू कोण?" या वेळी तुम्हाला कळलंच नाही.

सोमवारी म्हातारा तपासणीला येणार आहे. त्याच्या पेशी इतक्या सुरेख वाढल्यात की सगळे येऊन बघून जातात. मी खरं सांगितलं आणि तो नको म्हणाला, तर सगळे कप टाकून द्यावे लागतील. गप्प बसले तर ते वाढत राहतील, तुम्ही न दिलेल्या शब्दावर. सांगावं असं वाटतं, आणि लगेच वाटतं, चांगल्या कामात खोडा कशाला? एक मन असं, एक मन तसं. पत्र लिहून तरी सुटेल म्हटलं होतं, तेही नाही. हे पाठवायला पत्ता कुठला, कागद डब्याच्या पिशवीत पडून राहील.

आईला मी आजवर सांगत आले, तुम्हाला त्रास नको म्हणून नाही म्हटलं. त्या ब्रशने फार तर शिंक येते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुम्ही हो म्हणाला असतात, आप्पा. आणि नमुना देऊन ठेवणारा माणूस घरी परत येत नाही, असं मला वाटलं होतं. विज्ञान शिकलेल्या तुमच्या पोरीला.