बोजा उतरलेल्या घराचे कागद

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बँकेच्या मॅनेजरने माझ्या घराचे मूळ कागद माझ्यादेखत माझ्या धाकट्या दिरांच्या हातात ठेवले. शेवटचा हप्ता नुकताच मी भरला होता. पण कर्ज त्यांच्या नावावर, म्हणून कागद त्यांना. सबब मी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, वय ७४, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पुरेशा संतापाने हे मृत्युपत्र करीत आहे. आधीचे रद्द समजावे. त्यात मी सर्वांशी फार गोड वागले होते.

१. घर. ते आम्ही दिरांकडून कर्जाच्या बोज्यासकट घेतले. खरेदीखत माझ्या नावे झाले, हप्ते आम्ही भरायचे ठरले. कर्जही आपल्या नावावर करून घ्या, असे मी यजमानांना सुचवले होते. सख्ख्या भावाकडे कसले कागद मागायचे, म्हणाले.

यजमान सुतार. त्यांचा नियम असा, की जेवढे कर्ज फिटेल तेवढ्याच खोल्या आपल्या. बँकेच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही. पहिल्यांदा स्वयंपाकघर सुटले. त्या दिवशी त्यांनी एक फळी ठोकली आणि ती बघत आम्ही उभ्यानेच चहा प्यायलो. न्हाणीघराचा नंबर शेवटचा. खांद्यावर टॉवेल टाकून ते सांगत, "जरा बँकेत जाऊन येतो." नवी सून आठवडाभर काळजीत होती, की सासरे रोज सकाळी बँकेत जातात आणि ओले होऊन येतात.

न्हाणीघर सुटायच्या आत ते गेले. पुढचे हप्ते मी आणि सुनेने भरले. घर व माझी बचत तिलाच. मुलाला वाईट वाटल्यास त्याने तिच्याशी नीट वागावे.

२. हत्यारे. रंधा, करवत, पटाश्या. याच हत्यारांनी दिरांनी पोरवयात एक स्टूल केले होते. ते डुगडुगते. यजमान जन्मभर त्यावरच बसले, मला दुसरे आणू दिले नाही. कागद परत आले तर हत्यारे दिरांना. न आल्यास तीही सुनेला, आणि कागदांसाठी तिने कोर्टात जावे.

३. त्या दिवशी बँकेत दीर हसून म्हणाले, "राहू देत की माझ्याकडे, वहिनी. दादाचं घर म्हणजे थोडं माझंही आलंच."

"कुठलं थोडं, भाऊजी? बोट ठेवून दाखवा."

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला आवाज न चढवता भांडायला शिकवले होते. मी चढवला. दारावरचा रखवालदार आत आला.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५
सही

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली:
१. शेजारची नर्स (सही)
२. कोपऱ्यावरचा शिंपी (सही)

याची एक प्रत दिरांना हातोहात.

भाऊजी, फोन करू नका. फोनवरची वचने मी नोकरीभर जोडून दिली आहेत. मूळ कागद आणि बोजा उतरल्याचा दाखला सुनेच्या हाती कोणत्या दिवशी देता, ते शुक्रवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा.