ध्यानात पहिला नंबर

६ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुन्हा तेच! तीन पत्रं झाली, तिन्ही पत्रांत ‘श्वासाकडे बघ’. अगं, तुझा भाऊ पंक्चरच्या दुकानात कामाला आहे. सकाळपासून ट्यूब पाण्यात बुडवून हवा कुठून निसटतेय तेच बघतो. अजून किती हवा बघू?

तरी तुझ्या शब्दाखातर रविवारी बुद्धविहारात भंतेजींकडे ध्यानाला गेलो. तासभर मांडी घालून, डोळे मिटून बसायचं. दहाव्या मिनिटाला पाय बधिर झाले, विसाव्याला अक्कल. मग म्हटलं, आपण हलायचंच नाही. एक डोळा किलकिला करून बाकीच्यांवर पाळत ठेवली. समोरचे शिंपीकाका सात वेळा हलले, बाजूची बाई तर झोपलीच. मी पहिला आलो! शेवटी भंतेजींनी विचारलं, काय दिसलं? मी शिंपीकाकांचे सात सांगितले. भंतेजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, पुढच्या रविवारी स्वतःचे मोज.

आतलं सुख काही सापडलं नाही. बाहेर आलो तर चपलाही सापडेनात.

आईला नमस्कार सांग, या ध्यानाचं मात्र सांगू नकोस. तुझा लोभ आहेच. उपदेश थोडा कमी पडला तरी चालेल.

तुझा,
धाकटा

१९ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसून हसून पोट दुखलं, आणि त्याच संध्याकाळी तुझ्या मालकांचा फोन आला. एका दूधवाल्यावर पाना उगारलास म्हणे. रागापायी तीन नोकऱ्या घालवल्यास, ही चौथी मी शब्द टाकून मिळवली. पुन्हा हात उगारलास तर त्याच दिवशी घरी धाडीन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. आईला मी काही बोलले नाही. ती बिचारी ‘पोरगा आता मार्गी लागला’ म्हणून शेजारीपाजारी सांगत सुटलीये.

बाळा, ध्यान म्हणजे शर्यत नव्हे. बुद्धांचं सांगणं साधं आहे. राग आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला खाऊपिऊही घालायचं नाही. ‘राग आला’ एवढंच मनात म्हणायचं आणि तो कसा येतो, कसा जातो ते बघायचं. मीही तेच करते. तुझं पत्र आलं की चांगला सराव होतो.

माया आहे म्हणून बोलते, एवढं विसरू नकोस.

तुझी,
ताई

४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तोच दूधवाला परवा पुन्हा आला. तीच ट्यूब, तिसऱ्यांदा. चारचौघांत म्हणाला, याला पंक्चर काढता येत नाही, नुसतं तोंड चालवता येतं. माझा हात पान्यावर गेला. तेवढ्यात तुझं आठवलं. पण मनात म्हणायचं ते घाईत मोठ्यानं म्हणून गेलो: ‘राग आला, राग आला!’ दूधवाला दोन पावलं मागे सरला आणि कुणाला म्हणून विचारू लागला. मला, म्हणालो. सगळं दुकान हसलं. मालक तर हसता हसता टायरवर बसले.

पाना ठेवला, ट्यूब टबात घातली. रागात दाबली, तसं पाणी डुचमळलं, काही दिसेना. मग थांबलो. किती वेळ कोण जाणे. पाणी स्थिर झालं आणि एक बारीक बुडबुडा वर आला, माझ्याच पॅचच्या कडेनं. पॅच लावताना रबर नीट खरवडलंच नव्हतं मी. ताई, चूक माझी आहे असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. इतकं कडू औषध तू लहानपणीही पाजलं नव्हतंस. दूधवाला ती दोन पावलं पुढे आला. मी नवा पॅच लावेपर्यंत ट्यूबची दुसरी बाजू धरून बसला.

तुझं ते आतलं सुख हेच का, माहीत नाही. फार काही भव्यदिव्य वाटलं नाही. पोटभर जेवलो, झोप लागली, आणि सकाळी कामावर जाताना कुणावर चिडलो होतो ते आठवेना.

आईला सांगू दे शेजारीपाजारी. निदान या महिन्यापुरतं तरी खरं आहे. तिच्या तब्येतीला जप, आणि माझ्यावर जीव आहे तसाच ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. नोकरीत पुरा महिना भरण्याची माझी ही पहिलीच खेप. वाया गेलेल्या पॅचचे साठ रुपये मी आपणहून मालकांना पगारातून कापायला लावले. खोलीचं भाडं देऊन उरले ते पाठवतोय: दोन हजार तीनशे चाळीस.