मैथिली भोजनालयाची पाटी

२ फेब्रु.
आज पूजा आटोपून तासभर आधीच फ्लेक्सच्या दुकानात कामावर गेलो. मालकांना विचारून ठेवलं होतं. कमलच्या खानावळीचं फ्लेक्स छापलं आणि गुंडाळी घरी आणून कपाटामागे लपवली.

तिला पाटी माझ्या हातची हवी. "काहून जी, घरात पेंटर असून मी फ्लेक्स लावू?"

आठ वर्षं हाताखाली फक्त माउस. कुंचला धरला की बोटं थरथरतात, हे तिला सांगितलेलं नाही.

५ फेब्रु.
पत्रा घासून पांढरा दिला. खडूची दोरी मारायला एक टोक कमलने धरलं.
"डोळे काहून मिटते वं?"
"खडू उडते न जी."

दोन ओळी आखल्या. वर मैथिली, खाली भोजनालय. 'भो'ची मात्रा वरच्या ओळीच्या पायात घुसली. संगणक ती जागा आपोआप सोडतो, मी विसरूनच गेलो होतो.

गौरी डिझाइनच्या पहिल्या वर्षाला. म्हणाली, "बाबा, लीडिंग कमी पडलं. दोन ओळींमधलं अंतर."
आमचे उस्ताद म्हणायचे, मात्रेले छत्री उघडता आली पाहिजे. तेच हे.
सगळं पुसलं.

७ फेब्रु.
अक्षरं पुन्हा आखून भरून झाली. आखताना 'ज' आणि 'ना'मधली फट कमी केली, तर गौरी म्हणाली, "याला कर्निंग म्हणतात." जन्मभर डोळ्याने केलं, त्याला नाव आहे. वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

राहिली शिरोरेघ. उस्तादांची रीत, ती शेवटी. रामनाम घेऊन एका दमात. 'थ' नि 'भ'पाशी कुंचला उचलायचा, दम मोडायचा नाही.

गौरी : वर-खाली चिकटटेप लावा, मधली रेघ सरळ येईल.
हल्ली कमल मला चहाचा कप अर्धाच भरून देते. का, तो विषय दोघांपैकी कोणी काढत नाही.

८ फेब्रु.
टेप आणली. लावली नाही. पाटी तशीच.

९ फेब्रु.
उद्या खानावळ सुरू. आंघोळ करून थेट पाटीसमोर बसलो. टेप बाजूला ठेवली. राम म्हटलं.

'मैथिली' सरळ उतरली. 'भोजनालय'च्या 'ल'वर रेघ केसभर खाली आली.
गौरी फडकं घेऊन आली. "पुसून देऊ?"
कमल म्हणाली, "राहू दे वं. छापल्यासारखं नाही वाटून राहिलं, तेच बरं."

दुपारी पाटी दारावर चढवली. चार खिळे मीच ठोकले.

मग ती म्हणाली, "उद्याचे पापड वाळू घालाले मोठं प्लास्टिक आहे का जी घरात?"
कपाटामागची फ्लेक्सची गुंडाळी काढून तिच्या हातात दिली.

ती न उलगडताच घेऊन गच्चीवर गेली आहे. अजून खाली आलेली नाही.