सुगंधाच्या घरची फुगलेली बिस्किटं

सेलू, १८ ऑक्टोबर १९८५

ती. सौ. रुख्मिणीअक्कास,
पिठाच्या हातांनी शि. सा. न.

श्रावणातल्या एका दुपारी सुगंधानं हातातली बांगडी काढून लाटलेल्या पिठावर दाबली, आणि त्या घडीपासून माझं सगळं बदललं. आता तू विचारशील, ही सुगंधा कोण. सांगतो, पण आधी भट्टीचं सांगू दे, न्हाईतर तुला काहीच उमजायचं न्हाई.

मी काम करतो त्या आश्रुबाकाकांच्या भट्टीवर लोक घरून कणीक, साखर, डालडा घेऊन येतात. आम्ही मळतो, लाटतो, कापतो, पत्र्यावर मांडून भाजतो. सणासुदीला एका वेळेला पाच-सहा घरांचे पत्रे भट्टीत असतात. मग कुणाचं कोणतं, यावरून बाया भांडतात. म्हणून ज्याची त्याची खूण ठरलेली आहे. कुणी फणी दाबतं, कुणी शर्टाचं बटन, कुणी बाटलीचं झाकण. सुगंधा पहिल्यांदा आली तेव्हा खुणेला काही आणलंच नव्हतं. इकडंतिकडं बघितलं, बांगडी काढली आणि तिची कड दाबली. एकेका बिस्किटावर चंद्राची कोर उमटत गेली. मी पत्रा धरून उभा होतो. काका दोनदा ओरडले म्हणे, मला ऐकू आलं न्हाई.

तिचे वडील भगवानराव कापूस बाजारात मापाडी आहेत. माणूस सरळ, पण हात आखडता. डालडा कमी देतात, म्हणून त्यांची बिस्किटं पुरीसारखी फुगतात आणि आतून पोकळ निघतात. गल्लीत त्यावरून चिडवतात त्यांना.

दुसरं एक डोक्यात बसलंय. कंपनीच्या पुड्यातलं बिस्किट कधी निरखून बघितलंस का? त्याला बारीक भोकं असतात, रांगेनं. ती कशाला? काका म्हणाले, ती कंपनीची फॅशन. पुडे घेऊन येणारा एजंट म्हणाला, त्यानं नक्षी दिसते. मला दोन्ही पटलं न्हाई. त्याच एजंटाकडून कळलं की सरकारनं बिस्किटाचा धंदा लहान कारखान्यांसाठी राखून ठेवलाय, आणि मोठ्या कंपन्या असल्या कारखान्यांकडून आपल्या नावाचा माल करून घेतात. काकांनी मशीन बसवलं तर त्यांनाही काम मिळेल म्हणे, फक्त खूण सगळ्यांवर एकच, कंपनीची. गंमत बघ. आपल्या सेलूची सरकी वॅगनीत बसून जाते, तिचं तेल निघतं, डालडा होऊन डबा परत सेलूला उतरतो. गहू कुठला, साखर कुठली, आणि पुडा मात्र एस्टीच्या टपावरून जिंतूरला पोचतो तो कडकच. एवढा देश फिरून आलेलं बिस्किट नरम पडत न्हाई आणि भगवानरावांचं चार घरं ओलांडेपर्यंत फुटतं. असं का?

कॉलेजचं विचारू नको. पहिल्यांदा बंदमुळं तास बुडाले, मग माझ्या डोक्यामुळं. आबांना काही सांगू नको. दाजींना नमस्कार.

रागावलीस तरी पत्र टाकणारीच, हे ठाऊक असलेला
तुझा चंद्रभान


ताडकळस, २७ ऑक्टोबर १९८५

चि. चंद्रभान यास,
कान धरून अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बाजाराला निघाले होते. वाटेतच वाचलं आणि वांगी घ्यायची इसरले. तुझे दाजी मला लय बोलले. मग त्यांनीबी पत्र वाचलं आन् हसत बसले. म्हणायलेत, मेव्हण्यानं बी.कॉम. सोडून बिस्किटाची भोकं मोजायचं खातं उघडलं.

भोकांचं मला काय माहीत बाबा. तू लहानपणी आबांचं घड्याळ उघडून बसला होतास, ते अजून बंदच हाय. पण इतकं सांगते, जे उघडशील ते मिटायलाबी शिक. तुझी रीत मला ठाऊक हाय. सरांनी चारचौघांत टोमणा मारला, तू वही फेकलीस आन् दार आपटून आलास. गावाकडं आबा दोन शब्द बोलले, तिथंबी दार आपटलंस, वरची चौकट हलली. माय अजून त्या दाराकडं बघते.

आता मुद्द्याचं. तुझ्या त्या सुगंधाची मावशी आमच्याच गल्लीत हाय, केवळाबाई. सहज बोलता बोलता मी विचारलं. पोरगी गुणाची हाय म्हणाली, आन् तोंडानं फटकळ. पण दिवाळी झाली की जिंतूरचं स्थळ बघायला येणार हाय. मुलगा एस्टीत कंडक्टर. हे तुला कळवावं का नको, याचा लय इचार केला. कळवलं न्हाई तर तू माझ्यावर चिडशील, कळवलं तर सगळ्या जगावर. त्यापेक्षा जगावर चिड.

तुला ती पायजे असंल तर तोंड हाय ना तुला? तिच्या बापाला जाऊन काय सांगशील, ते आधी ठरव. कॉलेज सोडलेला, भट्टीवर काम करणारा, एवढंच सांगणार असशील तर मार्चची परीक्षा दे आधी.

डोक्याला तेल लावत जा. थंड राहतं.
तुझ्यावर जीव आन् नजर दोन्ही ठेवून असलेली
रुख्मिणी


सेलू, १६ नोव्हेंबर १९८५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भोकांचा उलगडा झाला. ऐक.

तुझं पत्र यायच्या आधीच मी एका दुपारी काकांच्या नकळत थोडं पीठ घेतलं, डालडा अगदी कमी घातला, भगवानरावांच्या हिशेबानं. अर्धी बिस्किटं तशीच ठेवली, अर्ध्यांना पोतं शिवायच्या दाभणानं टोचलं. भट्टीच्या फटीतून बघत बसलो. न टोचलेली फुगायला लागली आणि टोचलेली सपाट राहिली. पिठात पाणी असतं अक्का. तापलं की त्याची वाफ होते. वाट मिळाली तर निघून जाते, न मिळाली तर वरचा पापुद्रा उचलते. एवढंच. फॅशन न्हाई, नक्षी न्हाई. इतका आनंद झाला की दाभण कानामागं खोचून नाचलो. काका म्हणाले, पोराला उष्णता झाली.

मग सुगंधाच्या घरचा दिवाळीचा घाणा आला. ती कोर दाबून गेली. तिची पाठ वळल्यावर मी तिच्या एकेका बिस्किटाला टोचलं, कोरीच्या आतल्या बाजूनं, दिसणार न्हाई असं. पहिल्यांदाच त्यांची बिस्किटं सपाट आणि कडक निघाली. तिची आई गल्लीभर वाटत फिरली. सुगंधानं काकांना विचारलं, यंदा काय केलं. काका म्हणाले, लाकडं चांगली होती. मी काही बोललो न्हाई. मला वाटलं, तिला आपोआप कळेल. का वाटलं, ते विचारू नको.

आणि काल तिची आई परत पीठ घेऊन आली. हसत सांगायली की जिंतूरचे पाव्हणे उद्या येणारेत, चहाबरोबर पुडा आणणार होतो, पण आता घरचीच इतकी झकास होतात तर पुडा कशाला. संगं आलेल्या सुगंधानं कोर दाबली. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. माझं डोकं फिरलं. त्या कंडक्टरासाठी मी टोचत बसू? दाभण फळीवर होतं, तिथंच राहू दिलं. पत्रा तसाच आत सारला. सगळी टम्म फुगली. वर इतका सुरेख रंग आला की तिच्या आईला काही कळलं न्हाई, डबा भरून घेऊन गेली. मी भट्टीच्या खोलीचं दार असं आपटलं की काकांची चहाची कपबशी खाली आली.

आज पाव्हणे येऊन गेले असतील. काय झालं ते मला कळायला मार्ग न्हाई. केवळाबाईला विचारून लगेच लिही.

तुझ्या पत्राची वाट बघणारा
चंद्रभान


ताडकळस, २५ नोव्हेंबर १९८५

चि. चंद्रभान यास,
आशीर्वाद देते, पण हात आखडून.

केवळाबाई तिथंच होती. तिनं सांगितलं तसं लिहिते, तू बसून वाच.

बैठक भरली. चहा आला, बशी फिरली. भगवानरावांनी आपण होऊन सांगितलं की हे आमच्या घरचं हाय, बाजारचं न्हाई. मुलाच्या चुलत्यानं बिस्किट दातात धरलं, तर कडकन् फुटून भुगा धोतरावर. आत पोकळ. त्यानं दुसरं फोडलं, तेबी तसंच. मग हसत हसत म्हणाला म्हणे, मापाड्याच्या घरचं माप वरून भरलेलं आन् आतून रिकामं. बैठक खोखो हसली. भगवानराव जन्मभर काटा धरून उभा राहिलेला माणूस. कुणाचा मूठभर कापूस इकडचा तिकडं झाला न्हाई त्याच्या हातून. त्यानं खाली मान घातली, ती पाव्हणे उठेपर्यंत वर केली न्हाई.

स्थळ पाव्हण्यांनी मोडलं न्हाई, चंद्रभान. ते तर पसंती कळवून गेले. मोडलं ते सुगंधानं. सगळ्यांदेखत म्हणाली की माझ्या बापाच्या मापाला जो हसला, त्याच्या घरी मी पाणी भरायला जाणार न्हाई. तुझ्यासाठी मोडलं असं वाटून फुगू नको. बापासाठी मोडलं.

मग तिनं दिवाळीचा डबा काढला. तळाशी दोन बिस्किटं होती. एक उजेडाकडं धरलं, तर कोरीच्या आतून उजेड आला. दुसरंबी तसंच. आन् पाव्हण्यांसमोरचं धरलं, तर काळोख. केवळाबाई म्हणते, पोरीनं तिन्ही शेजारी-शेजारी मांडली. मग इचारलं, भट्टीवर पत्रा कोण सारतं. तिला दोन्ही कळलं बघ. दिवाळीला कुणी टोचलं तेबी, आन् परवा कुणी टोचलं न्हाई तेबी.

केवळाबाईच्या तोंडी तिनं निरोप दिलाय. म्हणाली, त्याला म्हणावं, भोकं पाडायला हात होता तर बोलायला तोंड कुठं गेलं होतं. आन् जे बोलायचं ते मला न्हाई, माझ्या बापाला येऊन बोल. ते त्या दिवसापासून काट्यावर गेले न्हाईत.

यापुढं मी काय लिहू. मायला सांगितलं न्हाई.
रागातबी तुझीच
रुख्मिणी


सेलू, १ डिसेंबर १९८५, रविवार

ती. सौ. अक्कास,
मान खाली घालून शि. सा. न.

पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा त्या चुलत्याचा राग आला, जिंतूरची एस्टी धरून निघायच्या बेतात होतो. मग तुझ्या पत्रातली भगवानरावांची मान आठवली.

काकांना सगळं सांगितलं, भगवानरावांकडं जाणार तेही. वाटलं, हाकलतील. त्यांनी तंबाखू मळली आणि एवढंच म्हणाले की भट्टी माझी हाय, तिच्यावरचा माणूसबी माझाच, मीबी येतो. मी नको म्हणलं.

आज सकाळी एक पत्रा लावला. डालडा भगवानराव देतात तेवढाच घातला, वर बोटभरही न्हाई. सगळी टोचली, दिसतील अशी. खूण कसलीच केली न्हाई. ती दाबायचा हक्क माझा न्हाई. बिस्किटं सपाट निघाली, कडक. दाभणही बरोबर घेतोय. त्यांना समोर बसवून दाखवणार आहे की तुमच्या पिठात खोट नव्हती, मापात न्हाई, हातात न्हाई. वाफेला वाट नव्हती, आणि ती मीच अडवली होती. का अडवली ते विचारतील. तेही सांगणार. मार्चच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, पण ते विचारलं तरच सांगेन, न्हाईतर लाच दिल्यासारखं होईल.

काय म्हणतील, ठाऊक न्हाई. हाकलतील, डबा नालीत फेकतील, कदाचित एखादं खाऊन बघतील. सुगंधा दारात असेल का, तेही ठाऊक न्हाई. अक्का, इतक्या गोष्टींची कारणं शोधली, पण पुढच्या घटकेत काय होणार, हे बघायला भट्टीसारखी फट कुठंच न्हाई. जाऊनच बघावं लागणार.

दाजींना नमस्कार. आज दिवस मावळायच्या गाडीनं मी गावाकडं मायकडं जातोय, इथं काहीही होवो. आबांशीही बोलायचंय.

डबा कपड्यात बांधला. पाकीट चिकटवून खिशात टाकतो, वाटेत पेटी आहे. भट्टीच्या खोलीचं दार मागं उघडंच आहे, त्याची कडी माझ्या त्या दिवशीच्या आपटण्यानं वाकलीय. ती हातानं सरळ केली. बाहेर पाऊल टाकून दार हळूच ओढून घेतो.

तुझा लोभ पिठातल्या डालड्यासारखा कमी-जास्त न व्हावा,
चंद्रभान