गुरुजींना दाखवायचे मासे

प्रकाशा, ता. ९ डिसेंबर

प्रिय निशा,

ठक-ठक, ठक. तो आवाज आठवतो का तुला? तुझे वडील नाव तापीत आडवी घालून तिच्या कडेवर वल्हं आपटायचे, मासे बिचकून जाळ्याकडे पळावेत म्हणून. इकडे शाळेत खिडकीजवळ बसून तू नदीची कविता नेमकी त्याच ठेक्यावर म्हणायचीस आणि अख्खी चौथी तुझ्यामागे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, ही चाल कोणी बसवली. मी म्हणालो, मी. तुझ्या वडिलांचं, हिलालचं नाव घ्यायला माझी जीभ तेव्हाही वळली नव्हती.

आता नदीवर तो ठेका ऐकू येत नाही. बॅरेजचं पाणी तुडुंब आहे, पण चार-पाच नावाच उतरतात, आणि त्यांच्या टोपल्या घाटाच्या पायऱ्यांवर ठेवल्या तरी मांजर वळून बघत नाही. तरुण मुलं नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर कामाला लागली. संध्याकाळी मी घाटावर बसतो. पाणी पाहिलं की कुठली तरी जुनी ओळ ओठांवर येते, आणि पुढची आठवत नाही. वय झालं म्हणायचं, दुसरं काय.

तीन वर्षांपूर्वी तू मत्स्य संशोधन संस्थेतून आलीस, ती लाकडी फळी घेऊन. तिच्यावर पट्टी ठोकलेली होती. मी मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी, अक्षर बरं, म्हणून मोजणी माझ्याकडे सोपवलीस. तुझं सांगणं मला पाठ आहे: "गुरुजी, टोपली आली की डोळे मिटून हात घाला. निघतील ते वीस मासे या पट्टीवर मोजा. निवडू नका. समुद्र असो की तापी, आम्ही पाण्याखाली पाहू शकत नाही. हे वीस मासे सांगतील तोच आमचा सल्ला." मी मासे खात नाही हे तुला ठाऊकच आहे. सुरुवातीला दोन बोटांनी धरायचो आणि तू हसायचीस.

दर सोमवारी टोपल्या माझ्या ओट्यावर येत. मी डोळे मिटून हात घाली. काय एकेक रोहू निघे, निशा, हातभर. मोजता मोजता मी कविता म्हणे, तीस घरांतली माणसं उभी राहून ऐकत. निवृत्तीनंतर इतकं कोणी ऐकलं नव्हतं माझं.

मग एका सोमवारी सकाळी सहज घाटावर गेलो. तुझी आई जाळं झटकत होती. शेजारी दोन टोपल्या काठोकाठ भरलेल्या, आणि त्यात सगळे वीतभरसुद्धा नसलेले मासे. मला पाहताच तिने वर ओलं पोतं ओढलं. म्हणाली, "हाई तुमनासाठे नही, गुरुजी. तुमना घर चांगला मासा धाडेल शेतस." मी विचारलं, हे का नाही पाठवत? ती लाजलीच. "गुरुजीले कोठे बारका मासा दखाडतस का?"

म्हणजे मी डोळे मिटत होतो, पण टोपली आधीच निवडून येत होती. मानाने. पहिला पेरू मास्तरांना, तसा मोठा मासा मास्तरांना. त्याच दिवशी तुला कळवायला हवं होतं. कळवतो म्हणालो स्वतःशी. पण मग ओट्यावर काय आलं असतं? ते वीतभर मासे आणि खाली घातलेल्या माना. पुढचे चौदा सोमवार मी तसाच मोजत राहिलो, सुंदर अक्षरात लिहीत राहिलो.

त्या आकड्यांवरून तू अहवाल पाठवलास. मासा चांगला वाढतो आहे, बारीक जाळी आणि पावसाळ्यातली मासेमारी तूर्त बंद करायची गरज नाही. सोसायटीच्या सभेत तो मीच वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. त्या आषाढात गाभोळीने, अंड्यांनी भरलेले मासे धरले गेले, त्याच्या पुढच्या आषाढातही. यंदा धरायला उरलं नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत चहाच्या टपरीवर भूपेंद्र, आपला चेअरमन, सगळ्यांसमोर तुझ्या वडिलांना म्हणाला, "हिलालभाऊ, पोरले इचार. तिना कागदमा इतला मासा शेतस, मंग पानीमा काबर नहीत?" लोक हसले. हिलालने बशीतला चहा तसाच ठेवला आणि उठला. जाताना माझ्याकडे पाहिलं त्याने. मी समोरच्याच बाकावर होतो, निशा. मी चहा संपवला. तेव्हापासून तो टपरीवर येत नाही, माझ्या ओट्यावरही नाही.

गेल्या मंगळवारी तुझं पत्र आलं. "गुरुजी, तुमची मोजणी स्वच्छ होती, गणित माझंच चुकलं. महिनाअखेर वरिष्ठांना तसं लिहून देते आणि हे काम सोडते. गावाची माफी तुम्हीच माझ्या वतीने मागा." सहा रात्री ते उशीखाली ठेवून झोपलो. सोडू नकोस. तुझं गणित बरोबर होतं, मासे खोटे होते. वही सोबत पाठवतो आहे. घाटावर गेलो त्या तारखेला लाल शाईने रेघ मारली आहे. तिच्या आधीचे आकडे माझ्या अज्ञानाचे, नंतरचे माझ्या भित्रेपणाचे. हे पत्र वरिष्ठांना दाखव, माझ्या नावासकट. सभेत हे मीच वाचणार होतो, पण कोणत्या दिवशी ते ठरत नव्हतं.

तुझाच,
सुकलाल गुरुजी

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात ओट्याशी सायकल टेकल्याचा आवाज झाला. हिलाल आहे. वर्षाने आलाय. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला एकच मासा, चांगला हातभर. म्हणतोय, "सोमवार शे ना, गुरुजी. मोजी ल्या." त्याला आत बसवलंय. पाकीट उघडंच आहे. आधी त्यालाच वाचून दाखवतो.